आर्डिसबाईंची पंधरा क्रेडिटं

लूस क्रीकच्या शाळेत आर्डिसबाई टॉलेफसन एकवीस वर्षं पोरांचं जेवण रांधत होत्या. त्यांचं हॉटडिश, म्हणजे बटाटे-खिमा एकत्र भाजलेला पदार्थ, खाऊन गावातली अख्खी पिढी वाढली. त्यातलाच एक आता मुख्याध्यापक झाला होता, आणि तरी बाईंपुढे ताट घेऊन उभा राहिला की कॉलर नीट करायचा.

पन्नाशी ओलांडल्यावर बाईंच्या मनानं घेतलं, की आता झारा खाली ठेवायचा आणि तिसरीच्या वर्गात खडू हातात धरायचा. नवरा मर्ल म्हणाला, "अगं, वर्गात पोरं जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसतात. तू तर स्वतःच जेवणाची सुट्टी आहेस. ही बढती कसली?"

पण बाई हटल्या नाहीत. तालुक्याच्या दोन वर्षांच्या कॉलेजात एक सोय होती: विषय येत असेल तर वर्गात बसू नका, परीक्षा द्या, क्रेडिट घ्या. बाईंनी सूपाच्या पातेल्याला पुस्तक टेकवून अभ्यास केला. यादवी युद्धाच्या पानांना कांद्याचा वास लागला. पाच शनिवार, पाच परीक्षा, पंधरा क्रेडिटं. वर्गात बसून बाकीची क्रेडिटं आधीच जमली होती, त्यामुळे राज्याच्या मोठ्या कॉलेजात शेवटचं वर्ष केलं की काम फत्ते. मुख्याध्यापकानं तिसरीची जागा त्यांच्यासाठी राखली होती, पण एका अटीवर: या शरद सत्रात प्रवेश मिळालाच पाहिजे. अर्जाची मुदत शुक्रवारी चारपर्यंत.

शुक्रवारी एक वाजता बाई मोठ्या कॉलेजच्या नोंदणी खिडकीपाशी पोचल्या. खिडकीत फेन्स्कीसाहेब होते. सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी गुणपत्रक वरून खाली वाचलं, मग खालून वर.

"ही पंधरा क्रेडिटं परीक्षेची आहेत."

"हो. त्यांनी दिली मला."

"त्यांनी दिली, बाई. आम्ही नाही. दुसऱ्या कॉलेजनं मान डोलावली म्हणून आम्ही डोलावत नाही. मूळ निकाल लागतो, परीक्षा मंडळाचा, बंद पाकिटात."

"म्हणजे इतिहास तिथं मला येत होता आणि इथं येईपर्यंत रस्त्यात सांडला?"

"सांडला म्हणत नाही मी. पुन्हा मोजून घेतो म्हणतो."

पाकीट बाईंच्या पिशवीत होतंच. मंडळानं त्यांच्या घरी पाठवलेलं, वर ठळक छापलेलं: फक्त कॉलेजनंच उघडावं. पण ते उघडलेलं होतं.

त्याचं असं झालं, की आमच्याकडे कुणी स्वतःचं कौतुक सांगत नाही. पोरगं डॉक्टर झालं तरी आई म्हणते, कामधंद्याला लागला एकदाचा. पण लोकांना कळायला तर हवं. म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली असताना बाईंनी निकालाचा कागद रूबार्बच्या, म्हणजे आंबट लाल देठांच्या, वड्यांच्या ताटाशेजारी 'विसरून' ठेवला. सगळ्यांनी वाचला. कुणी एक शब्द बोललं नाही. पण त्या दिवशी बाईंना तीनदा कॉफी वाढली गेली.

फेन्स्कीसाहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "हा डाग?"

"रूबार्ब."

"इतिहासात किती, दिसत नाही."

"त्याच्याच खाली सहासष्ट आहेत."

"चांगले आहेत," साहेब खरंच कौतुकानं म्हणाले. "पण घेता येत नाही. नवं पाकीट यायला तीन आठवडे."

बाईंनी कागदाची घडी घातली. "बरं. तुमचा वेळ घेतला."

साहेबांनी घसा खाकरला. "तसा तात्पुरत्या प्रवेशाचा एक अर्ज असतो. पाकीट मागाहून आलं तरी चालतं. विद्यार्थ्यानं मागावा लागतो, आम्ही आपणहून देत नाही. तुम्हाला हवा असला तर…"

"नको, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला."

"नाही, राहू दे."

आता इथं चूक कुणाचीच नव्हती. आमच्या भागात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे हावरटपणा, दुसऱ्यांदा हो म्हणणं म्हणजे उतावीळपणा. तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायचं, अगदीच आग्रह असेल तर अर्धा कप. साहेब तिसऱ्यांदा विचारणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात फोन वाजला, कुणा डीनचा, आणि ते फायली घेऊन आत गेले.

बाई बाकावर बसल्या. दोन वाजले. अडीच. साहेब येत, कपाटातून काही काढत, बाईंकडे बघून हवेबद्दल एखादं वाक्य बोलत आणि परत जात. त्यांच्या मते बाईंनी दोनदा नको म्हटलं होतं, मग जबरदस्ती कशी करायची? बाईंच्या मते एक विचारणं अजून यायचं होतं. साडेतीन झाले. पावणेचार. चारला पाच मिनिटं उरली तेव्हा साहेब टोपी घालून खिडकीची झडप ओढायला आले.

बाईंच्या डोळ्यांपुढे तिसरीचा वर्ग आला, आणि खडू धरलेला दुसऱ्याच कुणाचातरी हात.

त्या उठल्या. कान लाल झाले होते. "तो अर्ज मला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आत्ता. द्या मला."

फेन्स्कीसाहेबांनी टोपी काढली. कुणी इतकं सरळ मागितलेलं त्यांनी त्या खिडकीत क्वचितच ऐकलं असेल. अर्ज वरच्याच खणात होता, बाईंचं नाव आधीच लिहिलेला. त्यांनी चारला चार मिनिटं कमी असताना शिक्का मारला. "मला वाटलं, तुम्ही मागणारच नाही."

"मलापण तेच वाटत होतं."

संध्याकाळी मर्लनं जेवताना विचारलं, "काय म्हणतं कॉलेज?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "घेतलं."

"त्यांनी विचारलं असेल आग्रहानं."

"नाही. मी मागितलं."

मर्लनं काटा खाली ठेवला, उठला आणि न विचारता बायकोचा कप कॉफीनं काठोकाठ भरला.