पानावरचा हात

मोशीत लग्न कुणाचंही असो, पंगतीत वाढायला दौलतराव ठरलेले. बुंदीची परात घेऊन ते निघाले की मधुमेहवाले आधीच पानावर हात आडवा धरायचे. त्याचा काही उपयोग नसे. बोटं घट्ट मिटलेली असली तर माणूस खरंच नको म्हणतोय, बोटांत फट असली तर ते सोंग, हे दौलतरावांचं शास्त्र. त्यांच्या आग्रहापायी दोघंतिघं दवाखाना बघून आले होते, पण उपाशी कुणी उठलं नव्हतं.

अशा माणसाला लेकीनं तंबी दिली. चाकणच्या कंपनीतला दिग्विजय तनुजाला पसंत होता. त्याची आई दुर्गाबाई तळेगावहून येऊन होकार की नकार ते सांगणार होती, आणि भेट ठरली चिंचवडच्या इटालियन हॉटेलात.

"आबा, आज नुसतं बसायचं. वाढायचं नाही, आग्रह नाही. त्या बिथरल्या तर संपलंच माझं."

"न्हाई उठत, बाई," दौलतराव म्हणाले.

हॉटेल खेडवळ दिसावं म्हणून भिंतींना गिलावाच केला नव्हता. दौलतरावांना वाटलं, बांधकाम अजून चालू आहे. टेबलं एकमेकांना खेटलेली, भट्टीपाशी आरडाओरडा, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या. थेट लग्नाचा मांडव, आणि तिथंच त्यांचे हात शिवशिवू लागले.

वेटरनं चीज पसरलेल्या पास्त्याचं मोठं भांडं मधोमध ठेवलं. ज्यानं त्यानं आपलं घ्यावं, अशी म्हणे तिकडची रीत. आता मुलाची आई आपल्या हातानं कशी घेणार? दुर्गाबाई ताठ बसून राहिल्या. त्या घेईनात म्हणून दिग्विजय घेईना. तनुजा वाढायला गेली तर त्या म्हणाल्या, "राहू दे, भूक न्हाई." पास्ता थिजत चालला. दौलतरावांनी मांडीखाली हात दाबून धरले, पण किती वेळ?

ते उठले. रुमाल खांद्यावर टाकला, भांडं उचललं. पंगतीत कडेपासून वाढायचं असतं, म्हणून आधी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी पोरांना वाढलं. वेटर मागून धावत होता. तनुजानं कपाळाला हात लावला.

दुर्गाबाईंनी ताटलीवर हात आडवा धरला. बोटं घट्ट मिटलेली. दौलतराव जागीच थांबले. आपण लेकीचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटलं.

"चुकलं माझं, ताई," ते म्हणाले. "पोरीचा दोष न्हाई. मलाच उपाशी माणूस बघवत न्हाई."

दुर्गाबाईंनी शेजारच्या पोरांकडे पाहिलं. ती मिटक्या मारत होती. मग हळूच त्यांची बोटं विलग झाली.

"वाढा, व्याही. पण ते चीज बेतानं."

दौलतरावांनी भांडं पुढं केलं. चीज मात्र त्यांनी बेतानं वाढलं नाही.