घरी इंग्लिश बोलतो आम्ही

आम्ही ख्रिस्ती आहोत आणि आम्हाला इंग्लिश येत नाही. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोलले असते तर आमचे तीन महिने वाचले असते. पण नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी प्रवेशअर्ज वाचता वाचता धर्माच्या रकान्यावर बोट ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि छान हसून म्हणाल्या, "ख्रिश्चन ना तुम्ही? मग प्रश्नच नाही. घरी इंग्लिशच असेल."

मी मान हलवली. नुसती हलवली नाही, वर "हो हो" पण म्हटलं.

शेजारच्या खुर्चीत माझी लेक बसली होती. दहा वर्षांची, पाचवीत जाणारी. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले.

रत्नागिरीत इतकी वर्षं राहून हा प्रश्न मला नवा नव्हता. ख्रिश्चन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केक येतो, पियानो येतो आणि फाडफाड इंग्लिश येतं. नाताळात शेजारणी केकची वाट बघतात आणि आम्ही करंज्या नेऊन दिल्या की त्यांचा चेहरा पडतो. आमच्या घरात भांडण मराठीत होतं, प्रार्थना मराठीत होते. सासूबाई तर देवालाही "बघ हां, मी आधीच सांगून ठेवतेय" अशा सुरात बजावतात. नवरा मिरजोळ्याच्या कारखान्यात पाळीने जातो आणि मी बसस्थानकावर विद्यार्थ्यांच्या पासाच्या खिडकीमागे बसते. इंग्लिशशी आमचा संबंध औषधाच्या बाटलीपुरता.

जुनी शाळा घरापासून दोन गल्ल्यांवर होती. मराठी शाळा, पोरं कमी, एकेका बाईंकडे दोन-दोन वर्ग. पण माझी लेक तिथे राज्य करत होती. सकाळच्या परिपाठाला प्रतिज्ञा सांगायची ती, पाहुणे आले की स्वागताला पुढे ती. तिचा आवाज आमच्या मागच्या पडवीत ऐकू यायचा. अशी शाळा तिला सोडायला लावली ती मी. चर्चच्या मंडळीतल्या झाडून सगळ्यांची मुलं इंग्लिश शाळेत जातात, मग आमचीच का नको, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. नवऱ्याने एकदा विचारलं, "तिला हवीय का?" मी म्हटलं, "तिला काय कळतं?"

प्रवेश झाला आणि पुढच्याच रविवारी मी दुसरी चूक केली.

आमच्याकडे चर्चमध्ये उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कोणाला उपकारस्तुती करायची आहे?" मग ज्याच्या घरी काही चांगलं घडलंय तो उभा राहतो आणि चार वाक्यांत सांगतो. कोणाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. सगळे 'आमेन' म्हणतात. मी उभी राहिले. साडी नवी होती, ती नीट केली आणि म्हटलं, "प्रभूने आमच्या लेकीसाठी मोठ्या शाळेचं दार उघडलं." मोठ्याने आमेन झालं. बाहेर पडताना चौघीजणींनी मला मिठी मारली. दार कोणी उघडलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि मुलांच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या अजून एका माणसाला ठाऊक होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी तिथे शाळा सुटल्यावर तासभर वेगळा वर्ग भरायचा. त्यांच्याकडून इंग्लिश पक्कं करून घ्यायचे. आमचीचं नाव त्यात नव्हतं. का असेल? तिच्या घरी इंग्लिशच होतं ना!

मग डायरीत लाल शाईने शेरे यायला लागले. तेही इंग्लिशमध्ये. मी ते एकेक अक्षर बघून मोबाईलमध्ये घालायची आणि मोबाईल मला मराठीत सांगायचा की मुलगी वर्गात बोलत नाही, मुलगी उत्तर देत नाही, मुलगी फार हळू आवाजात वाचते. हळू आवाजात! माझी लेक! मला इतका संताप यायचा की मी तिच्यावरच तुटून पडायची. "लक्ष कुठे असतं तुझं? बाकीच्यांना जमतं, तुला काय धाड भरलीय?" ती बूट काढून जागेवर ठेवायची आणि आत जायची.

आणि मी, शहाणी, घरात नियम काढला. रात्री जेवताना फक्त इंग्लिश बोलायचं.

दहा दिवस आमच्या घरात जेवताना कोणी बोललं नाही. सासूबाई बांगड्याचं कालवण वाढताना "फिश" म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. नवरा "वॉटर" म्हणायचा, मग तेही सोडून तो स्वतःच उठून पाणी घ्यायला लागला. अकराव्या दिवशी सासूबाईंनी ताट सरकवलं. "गो बाय, मयताच्या घरी पण माणसं यापेक्षा जास्त बोलतात. मला नाय जेवायचं असं." नियम तिथेच मोडला. पण लेकीचा आवाज काही परत आला नाही.

नवरा म्हणाला, "जाऊन एकदा खरं सांगून ये ना."

"काय सांगू? खोटं बोलले म्हणून? आणि मंडळीला काय तोंड दाखवू?"

"मंडळीला कुठे शाळेत जायचंय?" असं म्हणून तो पाळीला निघून गेला. त्याचं हे असंच असतं. एक वाक्य टाकायचं आणि डबा उचलून चालू पडायचं. मग त्या वाक्याशी दिवसभर भांडत बसायचं ते मी.

त्याच आठवड्यात माझ्या खिडकीवर कॉलेजची एक मुलगी आली. पासाच्या अर्जावर तिने स्वतःचा पत्ता सोडून मावशीचा टाकला होता. मी अर्ज परत केला आणि नेहमीसारखं खेकसले, "खरं काय ते लिहून आण." ती निमूट गेली. मला मात्र पुढचा अर्ज हातात घेववेना. स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी चिडचिड झाली. रांगेतली पोरं त्या दिवशी माझ्या तोंडाला कंटाळली असतील.

मग घटक चाचणीचे पेपर घरी आले. कोरे. एकही उत्तर नाही, वर फक्त नाव, तेवढं मात्र सुंदर अक्षरात. मी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रिक्षा केली आणि शाळा गाठली. खरं सांगायला नव्हे. भांडायला. माझी मुलगी ढ नाही, तुम्हाला शिकवता येत नाही, हे मी रिक्षात तीनदा घोकलं होतं.

वर्गशिक्षिका अगदी तरुण होत्या. माझं अर्धं भाषण त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण तुम्ही सही का नाही पाठवत?"

"कसली सही?"

"जादा वर्गाची. पालकांची सही लागते. तीन वेळा कागद दिला मी तिच्याकडे. आम्हाला वाटलं, तुम्हाला त्यात कमीपणा वाटतोय."

मी म्हटलं, "पण तिच्या घरी तर..."

"घरी इंग्लिश बोलत नाहीत, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं," बाई म्हणाल्या. "म्हणाली, पण तुम्हाला कळलंय हे आईला सांगू नका. तिने चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानलेत."

मी खुर्चीत बसले. बसा कोणी म्हटलं नव्हतं.

लेकीला वर्गातून बोलावलं. बाईंनी कागदांबद्दल विचारल्यावर तिने दप्तर आणलं, कंपासपेटी उघडली आणि पट्टीच्या खालून घडी घालून घालून बारीक केलेले तीन कागद काढले. फाडले नव्हते, टाकले नव्हते. प्रत्येकावर छापलं होतं की हा वर्ग घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांसाठी आहे. तो कागद माझ्यापुढे धरला असता तर मला सही करताना लाजावं लागलं असतं. ती वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून ती तीन महिने वर्गात मुकी बसली होती, माझ्या शिव्या खात होती, आणि कोरे पेपर देत होती. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला, कारण बाई बघत होत्या.

मी तिन्ही कागदांवर सही करायला घेतली. "एकच पुरे," बाई म्हणाल्या. माझी सही मराठीत आहे. ती मी जरा मोठीच केली.

बाईंना विचारून मी तिला लवकर घेऊन निघाले. येताना रिक्षात मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गो?"

"तू उभी राहिली होतीस ना," ती म्हणाली.

रिक्षा बाजारातून बाहेर पडली तेव्हा मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "येत्या रविवारी परत उभी राहते. सगळ्यांना सांगते, देवाचं नाव घेऊन मी थाप मारली. इंग्लिश कोणालाच येत नाही आमच्यात."

तिने दप्तर मांडीवर घट्ट धरलं. मग कितीतरी दिवसांनी, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, "उभी नको राहू, आई. बसूनच सांग. देवाला ऐकू येतं."