माझं भाषण, मामांची ओवी

गाण्याचे कार्यक्रम मला लाभत नाहीत. दौंडला एकदा ऑर्केस्ट्रा ऐकायला गेले, तर चमकीचा कोट घातलेला गायक नुसते ओठ हलवत होता आणि मागे टेप वाजत होती. साऱ्या मैदानाला ते कळलं, मला नाही. टाळ्या पिटता पिटता माझ्या दोन बांगड्या वाढल्या. शिरूरला एका नावाजलेल्या गवयाला ऐकायला गेले, तर माइकच्या शिट्टीपलीकडे काही कानावर पडलं नाही. तरी घरी येऊन आठवडाभर ‘काय आवाज, काय आवाज’ करत मिरवलं. या दोन फजित्या मी नातवंडांना हातवारे करून सांगते. तिसरी सांगत नाही. त्या कार्यक्रमात गाणारे अस्सल होते, माइक ठणठणीत होता. बिघडली होती ती मी.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमचं गाव न्हावऱ्याच्या पलीकडचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, मालकांनी माझ्या नावाचा फॉर्म भरला आणि मी निवडून आले. तोवर माझं ऐकणाऱ्या गोठ्यातल्या तीन म्हशी, त्यातलीही एक आडमुठी. पण खुर्चीवर बसले आणि माझी चालच बदलली. कडक इस्त्रीची साडी, काखेत पर्स. पर्समध्ये एक कंगवा आणि सुपारीचं खांड, बाकी काही नाही.

त्याच साली आत्या अंथरुणाला लागल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. घरात पूर्वी मेंढरं होती. आत्यांचं अर्धं आयुष्य कळपामागे चालण्यात गेलेलं, पाय लोखंडाचे. पण छातीत पाणी झालं. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, “आता घरी न्या. काय खावंसं वाटेल ते द्या.”

आत्यांनी खायला काही मागितलं नाही. म्हणाल्या, “माझ्या भावाची ओवी ऐकव एकडाव.”

त्यांचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, यवतच्या पुढे राहायचे. सात-आठ जणांचं त्यांचं ओव्यांचं मंडळ होतं. घोंगडीवर गोलात बसायचं, मध्ये ढोल, एकानं कडवं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. त्यात बहीण-भावाची एक ओवी होती, रानात कळप चुकलेल्या दोन पोरांची. ती आत्यांच्या आईकडून मामांकडे आलेली. लग्न होऊन आल्यापासून आत्यांनी ती पुरती ऐकली नव्हती.

त्याच महिन्यात बिरोबाच्या देवळापुढच्या नव्या सभामंडपाचं उद्घाटन होतं. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. मामांचं मंडळ तिथंच बोलवायचं! स्टेज, माइक, पाहुणे!

आत्या म्हणाल्या, “घरीच बसव की त्याला. हितं, माझ्या बाजंपाशी.”

“अहो आत्या, घरात चार माणसं ऐकणार. मंडपात सारा गाव ऐकंल.”

“गावाला कुठं ऐकायचंय गं? मला ऐकायचंय.”

मी ऐकलं नाही. मी सरपंच होते.

कार्यक्रम दुपारी दोनचा. आत्यांची बाज चौघांनी उचलून स्टेजच्या डाव्या अंगाला आणून ठेवली. मामांचं मंडळ आधीच येऊन घोंगडीवर बसलं होतं. मामांनी बहिणीच्या पायाला हात लावला, म्हणाले, “आक्का, आज पुरी गातो.” त्यांना सहाची एसटी गाठायची होती, चौफुल्याला गाडी बदलून पुढे यवत. मंडळातल्या दोघांची उसाला पाण्याची पाळी होती, राहणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “मामा, चार तास हायेत. घाई कशाला करताय?”

प्रमुख पाहुणे आले चार वाजता.

मग सत्कार सुरू झाले. आमच्या भागात सत्काराशिवाय कार्यक्रमाचं पान हलत नाही. शाल, श्रीफळ, फेटा. नावं कुठल्या क्रमानं घ्यायची याच्यावर गावात वर्षानुवर्षं अबोले चालतात. शाळेतले गुरुजी यादी वाचत होते. शाली कमी पडल्या, तेव्हा आधीच्यांच्या खांद्यावरच्या शाली मागच्या मागे काढून पुढच्यांना घातल्या. एका पुढाऱ्याचं नाव सातवं आलं, तसे ते उठून मोटारसायकलकडे चालू लागले. “माझी किंमत सातवी व्हय?” दोघांनी हाताला धरून आणलं आणि गुरुजींनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी त्यांचं नाव दुसरं घेऊन.

मामांचाही सत्कार झाला. डोक्याला त्यांचं लाल मुंडासं होतं, त्याच्यावरच मी गुलाबी फेटा ठेवला. फोटो निघाला. फोटोत मामा रस्त्याकडं बघतायत.

आणि मग माझं भाषण. गुरुजींनी लिहून दिलेली चार पानं मी आठ दिवस म्हशींपुढे घोकली होती. साउंडवाल्याला बजावलं होतं, “कॅसेट भर बरं का, माझं भाषण सुटता कामा नये.” विषय काय, तर लोककला जपली पाहिजे. ‘आपल्या मातीतली ओवी आज कोण ऐकतो?’ असं मी हात उंचावून विचारलं. ओवीवाले माझ्या पायाशी तीन तास ढोल मांडीवर घेऊन बसले होते. टाळ्या पडल्या म्हणून मी ते वाक्य परत म्हटलं. चार पानांवर भागलं नाही, पदरचं पाचवं घातलं. बाजेकडे एकदासुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तरी मला वाटलं असतं, सुनेचं कौतुक ऐकून म्हातारी डोळे मिटून पडली आहे.

राहिलेले सत्कार उरकून मामांच्या हातात माइक गेला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.

नमन झाल्याशिवाय ओवी नाही. आणि एकदा कथा उचलली की ती अर्ध्यात सोडायची नाही, हा त्यांच्या मंडळाचा नेम. मध्येच सोडली तर कथेतली माणसं रानातच राहतात, असं ते मानत. मामांनी नमन गायलं. पहिल्या हाकेला मंडपावरची कबुतरं उडाली. आत्या कोपरावर उठून बसल्या, महिन्याभरात पहिल्यांदा. नमन संपलं आणि मामांनी ढोलावर हात ठेवून तो मुका केला.

“गा की मामा,” मी म्हटलं.

“कथा दीड तासाची हाय, सूनबाई. त्या लेकरांना कुठं रानात सोडू?”

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मामा बाजेपाशी वाकले. “आक्का, पाळ्या उरकल्या की येतो. घरी. तुझ्यापाशी बसून गातो.”

“ये,” आत्या म्हणाल्या. बाज उचलली तेव्हा माझ्याकडं बघून एवढंच बोलल्या, “तुझं भाषण मातूर सगळं ऐकलं म्या.”

साउंडवाल्यानं कॅसेट आणून दिली. एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला माझं भाषण, उरलेले सत्कार, आणि अगदी शेवटी मामांचं नमन. तेही पुरतं नाही. मंडळी सूर झेलतात तिथं कॅसेटची टेप संपते.

आत्या रोज दुपारी ती लावायला सांगायच्या. मी बटण दाबून पुढे ढकलायला गेले तर हात धरला.

“ऱ्हाऊ दे. पहिल्यापास्नं लाव.”

“कशाला आत्या? माझं काय ऐकायचंय?”

“तुझ्यामागनं त्याचा आवाज लई ग्वाड लागतो.”

असं म्हणून हसायच्या, मग खोकला लागायचा. मी शरमेनं भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडायची. माझाच आवाज माझ्यावर ओरडायचा, ‘आज कोण ऐकतो?’ आणि आत्या बाजेवरून उत्तर द्यायच्या, “मी ऐकतीया, सरपंचबाई. तू उरक.” चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही हसू फुटायला लागलं. खरं सांगते, लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या दिवसांइतक्या कधी हसलो नव्हतो.

मामांचा निरोप आला, सोमवारी येतो.

शनिवारी दुपारी कॅसेट लावली. माझं भाषण झालं. आत्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आज दमल्यात. गुरुजींचा आवाज सुरू झाला, सन्माननीय अमुक, सन्माननीय तमुक. मी सूप ठेवून जवळ गेले. हात अजून ऊन होता. मी बटणावर बोट ठेवलं, पुढं ढकलावं म्हणून. पण मग काहीच केलं नाही. यादी संपेपर्यंत तशीच उभी राहिले. नंतर मामांनी हाक दिली, आणि ती ऐकायला घरात मी एकटीच होते.

मामा सोमवारऐवजी शनिवारीच आले, मयताला. गायले नाहीत. कुणी ‘गा’ म्हटलंही नाही.

कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे, त्या पर्सच्याच आत. ती वाजवायचं यंत्र आता घरात नाही. नातवानं मोबाइलमध्ये घालून आणतो म्हणून मागितली. म्हणाला, “आजी, तुझं भाषण कापून नुसतं गाणंच ठेवतो.”

मी म्हटलं, “खबरदार. पहिल्यापास्नं ठेव.”