गुलाबभाऊंची सही

इरा, अनय — हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. ते गेले तेव्हा आपली बायको सरळ होती असंच समजून गेले. तुम्हीही तेच समजता. आजीच्या फायली, आजीची लाल पेन्सिल, आजीला एक स्वल्पविरामसुद्धा चुकलेला खपत नाही! मी हे ऐकते आणि हसते. त्या हसण्याची मला किळस येते.

इरा, दोन आठवड्यांपूर्वी तू कळवलंस की परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेत तुला लेखनाचं काम मिळालं. आणि विचारलंस — माणसांच्या गोष्टी चांगल्या कशा लिहायच्या, आजी? तू तर कितीतरी लिहिल्यास.

हो, लिहिल्या. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, इथेच जळगावच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. एक संस्था खेड्यांतून बायकांचे गट चालवायची. तिला मदत करणारे लोक बाहेरच्या देशातले, म्हणून अहवाल इंग्रजीत जायचा. प्रत्येक अहवालात एका बाईची गोष्ट असायची. आधी कशी होती, आता कशी आहे, शेवटी तिच्याच तोंडचं एखादं वाक्य. मला ते सोपं वाटायचं. खरं सांगू? मला ते आवडायचं. बाई माझ्या इंग्रजीत आली की ती मला जास्त शोभिवंत वाटायची.

संस्थेचा एक चांगला नियम होता. गोष्ट छापण्याआधी बाईच्या घरी जायचं, इंग्रजी कागद हातात घेऊन तो तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचा, आणि तिची हरकत नसेल तरच सही घ्यायची. घरातल्या आणखी एकाची साक्षीदार म्हणून. हा नियम नीट लक्षात ठेव.

विमलबाई पारोळ्याच्या पुढच्या एका गावातली. मिरची-मसाल्याचा गट तिने उभा केला. लग्न झालं तेव्हा सातवी शिकलेली. दहावी केली ती सासरी, पदरात पोर असताना, नवऱ्याच्या आग्रहाने. नवरा गुलाबभाऊ. परीक्षेच्या दिवसांत भाकरी तो थापायचा, पोरगी तो सांभाळायचा. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. गुलाबभाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "परीक्षाले हाई बसनी, आन नापास मी व्हयनू. बठ्ठ्या भाकरी करपी गयात!" विमलबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मी हे सगळं नीट लिहून पाठवलं. बाहेरच्या कार्यालयातून समासात एक प्रश्न आला — या बाईपुढे अडथळा काय होता? बस, एवढंच. खोटं लिहा असं कोणी म्हटलं नाही. त्यांच्यावर मला काहीही ढकलायचं नाही.

अडथळा होता. पहिल्या वर्षी गटाच्या मिरचीला बुरशी लागली, सगळा माल उकिरड्यावर टाकावा लागला, चार बायका गट सोडून गेल्या. हे माझ्या वहीत होतं. पण बुरशी! बुरशीवर कोणाचे डोळे भरून येतात? मी लाल पेन्सिल उचलली. आणि लिहिलं — लग्नानंतरची पहिली काही वर्षं नवरा तिला मारायचा. पुस्तकं चुलीत टाकायचा. गटात आल्यावर तिला बोलायचं बळ मिळालं, आणि तो बदलला. शेवटी तिच्या तोंडी एक वाक्य घातलं, माराच्या वळांबद्दल. ते वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं. दोनदा. लय बरोबर बसली म्हणून मला समाधान वाटलं — समाधान!

मग नियमाप्रमाणे वाचून दाखवायला गेले. त्यांच्या ओसरीवर बसले. गुलाबभाऊंनी माठातलं पाणी आणून दिलं आणि समोर मांडी घालून बसले. विचारलं, "मन्हं नाव शे का त्यामा, अक्का?"

विमलबाई म्हणाली, "तुम्हनं नाव कशाले? गट मन्हा शे!"

मी म्हटलं, "आहे की, भाऊ."

आणि मी वाचायला लागले. डोळे इंग्रजीवर, तोंडाने मराठी. तुम्हाला माहीत आहे, मला हे सहज जमतं. कागदावर होतं, तो मारायचा. मी वाचलं, याने मला शिकवलं. कागदावर होतं, पुस्तकं चुलीत टाकली. मी वाचलं, भाकरी करपल्या. अडखळले का मी? एकदाही नाही. पान उलटायच्या वेळी पान उलटलं. त्याच्या गालावरचं हसू बघून मीही हसले.

विमलबाईने सही केली. खाली साक्षीदार म्हणून गुलाबभाऊंनी केली — एकेक अक्षर जोडत, जीभ दातांत धरून. बायकोला मारतो असं लिहिलेल्या कागदावर माणसाने स्वतःच्या हाताने सही केली, आणि पेन मी पुढे केलं.

गोष्टीचं फार कौतुक झालं. कौतुकाचं ते पत्र मी फायलीत लावलं.

इथे थांबले असते तरी पुरेसं घाण होतं. थांबले नाही.

काही वर्षांनी विमलबाई काविळीने गेली. तिची मुलगी जयश्री तेव्हा जळगावला वसतिगृहात राहून शिकत होती. आईचा एखादा फोटो मिळेल म्हणून तिने आईचं नाव इंटरनेटवर शोधलं. फोटो मिळाला. फोटोखाली माझी गोष्ट होती. पोरीला इंग्रजी येत होतं.

ती माझ्या घरी आली. फोन हातात धरलेला. बसलीसुद्धा नाही. विचारलं, "आजी, आई हे स्वतः बोलली का?"

तुम्हाला वाटेल, इथे तरी आजीने सांगितलं असेल. समोर उभी असलेली पोर, आई नसलेली. जे लिहिलं होतं ते तिच्या आठवणीच्या आधीच्या वर्षांबद्दल. खरं काय ते सांगू शकणारं माणूस मीच. बापाला ती विचारणार कशी? आणि त्याने नाही म्हटलं तरी, मारणारा नवरा नाहीच म्हणणार, असंच तिला वाटलं असतं ना? 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "हो बेटा. बायका घरात सगळं बोलत नाहीत."

आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा घेतेस का, असंही विचारलं. आजही तो हात माझाच आहे — याच हाताने लिहिते आहे.

वर्षभराने गुलाबभाऊंचा फोन आला. आवाज थकलेला. "अक्का, पोर बोलत नही मन्हासंगे. सणलेबी येत नही. तुम्हले काही सांगं का तिनी?" मी म्हटलं, नाही हो भाऊ. अभ्यास असेल.

त्यानंतर मी काय केलं? कपाट आवरलं असेल. तुमच्या आईला फोन केला असेल. दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढल्या असतील. चार वर्षं गेली.

इरा, तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी जयश्रीला फोन लावला. ती आता पुण्यात नोकरी करते. सगळं सांगितलं — बुरशी, पेन्सिल, ओसरी, सह्या, आणि माझं ते 'हो बेटा'. रडले नाही. रडले असते तर तिला माझी समजूत घालावी लागली असती.

तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, "हे बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे मी का बोलत नाही, हे त्यांना अजून माहीत नाही."

"नाही."

"मग आधी त्यांना सांगायचं होतं तुम्ही. समोर जाऊन." तिने फोन ठेवला.

पुढे बाप-लेकीत काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. पारोळ्याला जायला इथून दिवसभर बस आहेत, आणि माझे गुडघे अजून चांगले आहेत. त्या फोनला आज अकरावा दिवस. मी गेलेले नाही.