पावसाळाभर टिकलेला मसाला

तुळशीराम न्हाव्याची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्याचा गुडघा माझ्या छातीवर होता. दाढ ठणकत होती. त्याने लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून धरला, बधिर होईपर्यंत थांबला आणि "मास्तर, आता बोंबला" म्हणत चिमट्याने दाढ उपटली. मी बोंबललो. बाहेर कापूसबाजारातले बैल बुजले, असं तो मरेपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ती वर्षं. अमरावतीत हातात पैसा आला तसा तोंडात पेढा आला आणि पेढ्यामागून कीड. तुळशीराम मात्र दात उपटण्यापेक्षा भरण्याच्या नादी लागला होता. जस्ताची राख आणि राळ लवंगेच्या तेलात खलून तो मसाला करी आणि किडक्या दातात ठासून भरी. मसाला दगडासारखा घट्ट होई, पण दोन महिन्यांत तोंडातल्या तोंडात विरघळून जाई. दुकानातल्या फळीवर बोळकी मांडलेली असत. एकात पाणी, एकात ताक, एकात चिंचेचा कोळ, आणि प्रत्येकात मसाल्याची गोळी. रोज नख रोवून पाहायचा. "पान्यात टिकते, मास्तर. मंग तोंडात कावून नाई टिकत?"

शेवटी त्या वेड्याने ज्येष्ठ महिन्यात स्वतःच्या धडधाकट दाढेला कानशीच्या टोकाने भोक पाडलं. रक्त छातीवर ओघळत होतं आणि हा आरशात बघत कानस फिरवत होता. त्या भोकात त्याने नवा मसाला भरला. "एक पावसाळा माह्या तोंडात निघाल्याबिगर हा दुसऱ्याले नाई देत."

आषाढात मी एका कापूसदलालाला त्याच्याकडे नेलं. दलालाची दाढ किडली होती आणि त्याचा मुलगा माझ्या शाळेत होता, म्हणून मीच भीड घातली. तुळशीराम नव्या मसाल्याला हात लावीना. त्याने जुनाच भरला आणि बजावलं, "दोन महिन्यानं या शेठ, बदलून देतो." शेठ सौद्यांमागे अकोल्याला गेला आणि विसरला.

दिवाळीच्या तोंडावर तो दुकानात शिरला. गाल सुजून एक डोळा मिटलेला, हातात लोखंडी कडी बसवलेली काठी. "हरामखोरा, माती भरली काय माह्या दातात?" पहिल्या तडाख्यात बोळकी फुटली, दुसरा तुळशीरामच्या जबड्यावर बसला. मी अर्धी झालेली दाढी घेऊन तिथेच बसलो होतो. उठलो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तुळशीराम रक्त थुंकला. रक्ताबरोबर दाढ पडली. त्याने ती उचलली, धोतराला पुसली आणि भोकात नख रोवलं. मसाला जागचा हलला नव्हता.

"पावसाळा निघाला, मास्तर!" तो लाल तोंडाने हसला. मग शेठकडे वळला. "बसा. सडकी काढाच लागते. शेजारची बी किडली हाय, तिच्यात हा भरतो. एका पावसाळ्याची जबान देतो, पुढची नाई."

ठणक्यापुढे कोणाचा माज टिकतो? शेठने काठी टाकली आणि बसला. तुळशीरामने त्याच्या छातीवर गुडघा रोवून चिमटा घातला. लवंगेच्या तेलाचा बोळा लावायचा तो विसरला.

मी त्याला चांगला ओळखत होतो. विसरणाऱ्यांतला तो माणूस नव्हता.