अक्काचा खो

मला ऐकू येत नाही हे गावाला माझ्याआधी कळलं. लहानपणी तापात दोन्ही कान वाहिले. कुणीतरी लसणाचं कोमट तेल घाला म्हणालं, आईनं घातलं. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. तोवर बोलायला शिकले होते, तेवढं राहिलं. ईट गावाच्या अलीकडं आमचं गाव, आणि तिथं बहिरी म्हणजे खुळी, विषय संपला. बाया माझ्यासमोर उभ्या राहून माझ्याबद्दल बोलायच्या. मी ओठ वाचायला कधी शिकले हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हिला कोण करून घेणार गं बाई" हे मी इतक्या जणींच्या ओठांवर वाचलंय की आजही कुणी माझ्याकडं बघून हळहळलं की माझं डोकं फिरतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. एकदा शेजारची काकू असंच काहीतरी बोलली, तर अक्का तिला म्हणाली, "काकू, तिला समदं कळतंय बरं का. तुमीच जरा जपून बोला, बोलताना तुमचं तोंड लई वाकडं हुतंय." काकूचं तोंड तेव्हा खरंच वाकडं झालं. मी हसून हसून पोट धरलं.

अक्का माझ्याशी बोलताना आधी माझी हनुवटी धरायची, माझं तोंड स्वतःकडं वळवायची आणि मग बोलायची. बाकी सगळे लांबून ओरडायचे. ओरडून काय उपयोग? पण माणसाला कळत नाही.

आमच्या जिल्ह्यात पोरीला एक वेळ जत्रेला सोडणार नाहीत, पण खो-खोला सोडतात. अक्का शाळेच्या संघात होती, सगळ्यात चपळ. तिच्या मागं मागं मीही मैदानावर जायला लागले. आता खो-खोत बसलेल्या पोरीनं पाठीवर हात लागून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं. आधी उठली की फाऊल. मला तर खो ऐकूच यायचा नाही. कुणाची ओढणी पाठीला लागली तरी मी उठायचे, आणि खरा खो मिळाला की बसून राहायचे. सगळ्या पोरी कपाळावर हात मारायच्या. सरांनी मला बाहेर काढलं. "भैऱ्या पोरीचं काम न्हाय हे," असं ते अक्काला म्हणाले. मी त्यांच्या ओठांवर वाचलं आणि दप्तर उचलून घरी आले.

त्या संध्याकाळी अक्कानं मला घरामागच्या खळ्यात उकिडवं बसवलं. हनुवटी धरून म्हणाली, "कान गेले तर जाऊ दे. पाठ हाय का न्हाय? बोटं लागली तर हलू नको. बोटं म्हंजे कुणाचा बी धक्का. आख्खा तळवा बसला की मगच ऊठ."

मग रोज तेच. गुरं बांधून झाली की खळ्यात. ती मागनं यायची, कधी बोटं लावायची, कधी कोपर, कधी नुसती ओढणी, आणि मध्येच असा तळवा हाणायची की पाठ झिणझिणायची. चुकून उठले की कान पिरगाळायची. "तसं बी कामाचा न्हाय तो," असं वर म्हणायची. नंतर तिनं आणखी एक डोकं लढवलं. तळवा डाव्या खांद्याखाली बसला तर डावीकडं पळायचं, उजव्या खांद्याखाली बसला तर उजवीकडं. म्हणजे पळणारी पोर कुणीकडं गेली हे मला बघायला नको. पाठच सांगणार.

परंड्याला किल्ल्याजवळच्या मैदानावर स्पर्धा होत्या. आमची एक पोरगी आजारी पडली आणि अक्कानं सरांचं डोकं खाऊन मला आत घेतलं. बाकीच्या पोरींना तिनं आधीच दम देऊन ठेवला होता, हिला खो द्यायचा तर आख्ख्या तळव्यानं. त्या दिवशी मी एकदाही चुकले नाही. उलट दुसऱ्या पोरी खो ऐकून, मान वळवून, बघून उठायच्या, आणि मी तोवर पळणारीच्या अंगावर गेलेली असायचे. समोरच्या संघाला कळेचना ही भैरी पोरगी न बघता कशी वळते. सरांनी सामना संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला.  

जिल्ह्याच्या संघात आम्ही दोघी निवडल्या गेलो. आणि त्याच हंगामात अक्काला बघायला पाहुणे आले. भूमकडचं घर, जमीन बरी, पोरगा निर्व्यसनी. वडिलांना वाटलं, दोघींचंही एकदमच उरकून टाकावं. माझ्यासाठी एक बिजवर बघून ठेवला होता. अक्का वडिलांपुढं कधी तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "अण्णा, माझं काय, मी कुठं बी नांदीन. तुमी म्हणाल तिथं बसते मी. पण हिला खेळू द्या. हिचं नाव काढू नका."  बिजवराला नकार गेला. अक्का हळदीला बसली. आमच्या दोघींत चांगली खेळाडू ती होती. हे मी मोघम म्हणत नाही, मैदानावर दोघींना बघितलेलं कुणीही सांगेल.

पुढं मी खेळत राहिले. राज्यापर्यंत गेले, पदकं आली, शिकले, आणि परंड्याला एका शाळेत पोरींना खो-खो शिकवायची नोकरी लागली. गावानं सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. जिचं तोंड वाकडं व्हायचं तीच काकू पुढं येऊन औक्षण करत होती, "आमची पोर" म्हणत. मी गर्दीत अक्काला शोधत होते. तिच्या सासरी खुरपणी होती, तिला यायला जमलं नव्हतं.

अक्काकडं बटणाचा मोबाईल. ती आईला फोन करायची आणि आई मला सांगायची, "इचारतीया, जेवलीस का." मी आईच्या हातातल्या फोनला तोंड लावून ओरडून सांगायचे, जेवले. आमचं बोलणं हे एवढं. एका दिवाळीत मी तिला विचारलं, "अक्का, तुझा आवाज कसा हाय?" ती म्हणाली, "गोड हाय. कुणाला बी विचार." मी म्हणाले, मी कानाची मशीन बसवणार आहे, बसवली की पहिला फोन तुला. ती हसली, माझी हनुवटी धरली. "आधी बसव तर. मग कान किटेस्तोवर बोलते."

सोयाबीनच्या काढणीत मी सुट्टीला घरी आले होते. आई रानात गेलेली, फोन चार्जिंगला. स्क्रीन लागली, अक्काचं नाव. अशा वेळी मी ठरलेलं करायचे. फोन उचलला आणि म्हणाले, "आई रानात गेलीया. आली की लावायला सांगते." एवढं म्हटलं की समोरचं माणूस ठेवून देतं. अक्कानं ठेवला नाही. स्क्रीनवर वेळ पळत होता. मी म्हणाले, "अक्का, मी हाय गं. आई न्हाय." वेळ पळतच होता. मी फोन गालाला लावला. काहीतरी गुणगुणल्यासारखं गालाला लागत होतं. मला वाटलं, खिशात चुकून बटण दाबलं गेलं असेल. मग तो आपोआप बंद झाला.

संध्याकाळी निरोप आला. अक्का गेली.

सोयाबीनच्या ढिगाखालून सापानं चावलं होतं. घरच्यांनी तिला दवाखान्यात नेलं नाही, मारुतीच्या देवळात नेलं. देवळात! बार्शीला जायला गाडी मिळत होती, आणि ही माणसं तिला पायरीवर बसवून कडुलिंबाचा पाला खायला देत होती. पाला कडू लागला तर विष न्हाय, गोड लागला तर विष चढलंय. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, कुणी विचारायचं नाही. अक्का म्हणाली, कडू लागतंय. म्हणून घरी आणली. मळणीचं मशीन दारात उभं होतं, आभाळ भरून आलेलं. तिच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा जीप बघितली. बार्शी यायच्या आतच संपलं. सासू छाती बडवून सांगत होती, "कडू लागतंय म्हणली हो, माझ्या तोंडावर म्हणली." मी तिचे ओठ वाचत होते. तोंडात शिव्या आल्या होत्या. अक्काकडं बघून गिळल्या.

त्या फोनचं मी सगळ्यांना विचारलं. आई म्हणाली, निरोप सांगत असेल. दाजींना तर तिनं फोन केला हेच माहीत नव्हतं. पण आई नाही आणि फोनवर मी आहे, मला ऐकू येत नाही, हे कळूनही ती बोलत राहिली होती. कुणाशी? काय? जेवताना, मैदानावर, झोपताना माझ्या डोक्यात तेवढंच. गालाला ते गुणगुणणं.

कानाची मशीन त्यानंतर बसवली. पहिल्या दिवशी भांड्यांच्या आवाजानं घाबरून मी ती काढून ठेवली. मग हळूहळू सवय झाली. मैदानावर पोरींचा खो ऐकला तेव्हा नवल वाटलं, एवढासा असतो होय! मला तो केवढा तरी मोठा वाटायचा. जगातले नाही नाही ते आवाज ऐकू आले, माझा स्वतःचा सुद्धा, आणि एकच आला नाही. बटणाच्या मोबाईलमध्ये अक्काचा आवाज कुठं साठवलेला असणार? मी आईला म्हणाले, एकदा तिच्यासारखं बोलून दाखव. आईनं तोंड उघडलं आणि पदर तोंडात कोंबला. पुन्हा नाही विचारलं.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्काची मुलगी आमच्याकडं आली. आता बरीच मोठी झालीय, आईसारखीच काटक. तिला खो-खो शिकायचा होता. त्याच खळ्यात मी तिला घेऊन गेले आणि कसं बसायचं ते दाखवायला स्वतः उकिडवी बसले. ती काडीनं मातीत रेघा ओढत होती. मध्येच म्हणाली, "मावशी, आता तुला आईकू येतंय व्हय?"

"येतंय की."

"तवा येत न्हवतं? आईनं देवळातनं फोन केला हुता तवा?"

मी विचारलं, तू होतीस तिथं?

"मांडीवर हुते. आजी आन् समदे पलीकडं मारुतीला नारळ फोडत हुते." तिनं रेघ पुसली, दुसरी ओढली. "आई म्हणत हुती, समद्यास्नी कडू लागतंय म्हणून सांगितलंय, पर पाल्याला चवच न्हाय गं. जीभ जड झालीया. मला लई भ्या वाटतंय. मी म्हणलं, आजीला सांगू का? तर म्हणली, नगं, मळणी खोळंबल. मावशीला सांगितलंय न्हवं, बास."

प्रत्येक शब्द ऐकू आला. मशीन चांगली आहे.

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"आई नगं म्हणली हुती." मग माझ्याकडं बघून तिनं सरळ विचारलं, "आन् तुला ठाऊकच हुतं की. तुला तर सांगितलं हुतं तिनं."

मी तशीच उकिडवी बसून राहिले. तिला वाटलं असेल, मावशी खेळायला तयार बसलीय. ती उठली, माझ्या मागं गेली, पलीकडनं पळत आली आणि माझ्या उजव्या खांद्याखाली आख्खा तळवा हाणला. "खो!"

ऐकू आला. पाठीतही तसाच बसला.

"ऊठ की मावशी," ती म्हणत होती, "ऊठ की!" मला उठता आलं नाही.