तातोबांचं ओके

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. फाउंड्रीचा विषय निघाला की उठून बाहेर जायचो. आता ऐंशी ओलांडली, सांगून टाकतो.

कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत मी सुपरवायझर होतो आणि तातोबा माल तपासायचे. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. लिहिता यायची ती फक्त दोन इंग्रजी अक्षरं. प्रत्येक कास्टिंगवर हातोडी मारून कान द्यायचे. खणखणीत वाजलं तर खडूनं ‘ओके’, बद्द वाजलं तर भंगारात. त्यांच्याशिवाय ती अक्षरं मालावर कुणी काढायची नाहीत, असा शिरस्ता होता.

तोंडातही तोच शब्द. चहा संपला, ओके. उशिरा आलेल्या कामगाराकडं बघून नुसतं ‘ओकेऽ?’ म्हणाले तरी त्याला घाम फुटायचा. वर्षभर अंथरुणाला खिळलेली बायको गेली, तेव्हा भेटायला गेलो तर म्हणाले, “लई सोसलं तिनं. आता ओके हाय ती.”

मी थट्टा करायचो, “मामा, दुसरा एखादा शब्द शिका की.”

“कशाला? ह्याच्यावाचून काय अडलंय व्हय?”

एका पौर्णिमेला त्यांना नृसिंहवाडीला जायचं होतं. अर्जबिर्ज न घेता मी दुपारीच सोडलं. तासाभरात ट्रक दारात आला आणि मालक ऑफिसातूनच घाई करायला लागले. उरलेल्या मालावर मीच ‘ओके’ लिहिलं, हातोडी न मारता. आठ दिवसांत त्यातला बराच माल परत आला, तडकलेला.

मालकांनी विचारलं, “तातोबा, हे ओके तुझं?”

“न्हाय साहेब. मी वाडीला गेलतो की. ह्यांनीच सोडलं.”

मालक माझ्याकडं वळले. मी म्हणालो, “मी कुणाला सोडलं नव्हतं.”

तातोबांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. खडू माझ्या टेबलावर ठेवला. “मग ओके,” म्हणाले, आणि वीस वर्षांची नोकरी सोडून गेले.

ते वारायच्या आधी एकदाच मी त्यांच्या गावी, नेसरीला गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून. ते दारातच बसले होते. “या की सुपरवायझर! वाट चुकला व्हय?” आवाजात राग नव्हता, त्यानं मी अधिकच खचलो. खाली मान घालून बोलायला लागलो. सून म्हणाली, “मोठ्यांदा बोला काका. कायबी ऐकू येत न्हाय त्यास्नी.”

पाहुणा आला म्हणून शेजारचे चारपाच जण येऊन उभे होते. तातोबा कानामागं हात धरून वाट बघत होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, “तब्येत बरी आहे ना?”